सदतीस ओरखडे आणि एक भोक

"दारूचा!"

"खारवलेल्या माशांचा!"

"अरे दारूचाच घडा होता. जीव घेऊन पळणारा माणूस दारू सोडून मासे कशाला उचलेल?"

"स्वतः मासे विकतोस आणि माशांना इतकं हलकं समजतोस, पिग्रेस? म्हणून तर तुझ्या टोपलीवर गिऱ्हाइकं कमी आणि माश्या जास्त."

दुकान खदखदून हसलं. पिग्रेसला उठून भांडायचं होतं, पण उठणार कसा? त्याची अर्धी दाढी कातरून झाली होती, अर्धी जंगलासारखी तशीच होती, आणि कात्री मोल्पसच्या हातात होती. मोल्पस न्हावी मुद्दामच अशा वेळी वाद काढायचा. समोरचा अर्धवट दाढीचा असला की त्याचं बोलणं कोणी गंभीरपणे घेत नाही, हे त्याला तीस वर्षांच्या धंद्यात पक्कं कळलं होतं.

मोल्पसनं पन्नाशी गाठली होती. डोक्यावरचे केस गेले, पण डोक्यातला खोडकरपणा होता तिथेच होता. गेल्या उन्हाळ्यात त्यानं जकातवाल्याच्या बाकाला अंजिराचा चीक फासला आणि तो बिचारा बाकासकट उभा राहिला. बंदरावर कुठेही हशा ऐकू आला की समजावं, मोल्पस तिथे आहे, नाहीतर नुकताच तिथून सटकलाय.

आजचा वाद आन्थेसचा. आन्थेसची गोष्ट आमच्या बंदरात कोणाला माहीत नाही? तीस वर्षांपूर्वी पर्शियाच्या आरमाराशी बेटापाशी लढाई झाली. आपली गलबतं बुडाली, निम्मं गाव बुडालं. आणि हा आन्थेस, म्हणे, ऐन लढाईत वल्हं टाकून, एक भला मोठा घडा कवटाळून समुद्रात उडी मारून पसार झाला. तो वाटेत बुडाला की इजिप्तमध्ये घडे विकतोय, यावर मतं वेगवेगळी. पण पळाला हे नक्की. पोरं खेळताना ज्याच्यावर राज्य येईल त्याला आन्थेस म्हणायची. घाबरट कुत्र्यालाही आन्थेस म्हणायची.

"पैज लावतोस?" पिग्रेस म्हणाला.

"लाव की! हरेल त्यानं भर बाजारात तुझ्या मासळीच्या ओट्यावर चढायचं, वाम माशांची टोपली डोक्यावर उपडी घालायची आणि तीनदा पर्शियन पाखरासारखं आरवायचं."

पर्शियन पाखरू म्हणजे कोंबडा. आला तिकडूनच, म्हणून म्हातारी माणसं त्याला अजून तसंच म्हणतात. ज्यांनी आपली गलबतं बुडवली त्यांच्या पाखरासारखं आरवायचं म्हणजे दुप्पट नाचक्की.

"मंजूर," पिग्रेस म्हणाला. "हिस्तोर कोण?"

सगळ्यांनी समोरच्या गल्लीत पाहिलं.

मान्द्रोन चपला शिवत बसला होता. पैज लागली की हिस्तोर नेमायचा ही आपली जुनी रीत. हिस्तोर म्हणजे पंच म्हणा हवं तर, पण पंच बसल्या जागी निकाल देतो. मान्द्रोन उठायचा. हातातली चप्पल खाली ठेवायचा, गुडघ्यावर हात टेकून कण्हत उठायचा आणि दारोदार विचारत फिरायचा. त्याचा प्रश्न एकच: "पाहिलंस की ऐकलंस?" चामड्याची एक पट्टी असायची त्याच्याकडे. पाहिलं म्हणणाऱ्यासाठी आरीनं एक भोक. ऐकलं म्हणणाऱ्यासाठी आरीच्या टोकानं नुसता ओरखडा. वैद्याचं खेचर माणसासारखं बोलतं, अशी एकदा अफवा उठली होती. मान्द्रोननं अकरा जणांना विचारलं. अकराही ओरखडे निघाले. त्यानंतर खेचर पुन्हा बोललं नाही.

त्याच्या या विचारत फिरण्यालाच आमच्याकडे हिस्तोरिए म्हणतात. पुढे म्हणे मोठ्या शहरांतल्या शहाण्यांनी तोच शब्द आपल्या भेंडोळ्यांवर लिहिला आणि त्यात राजे कोंबले. कोंबले असतील. आमच्या बंदरात त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की मान्द्रोन तिपाईवरून उठला.

"मान्द्रोन! ये रे! आन्थेसच्या घड्यात काय होतं ते शोधून काढायचंय," मोल्पस ओरडला आणि त्याच क्षणी दुकान गप्प झालं.

दारात मेलित्ता उभी होती. डोक्यावर मातीच्या दिव्यांची पाटी. आन्थेसची पोरगी. बाप गेला तेव्हा पाळण्यात होती.

"थांबलात का?" ती म्हणाली. "मी आले म्हणून? चालू द्या. जन्मभर ऐकतेच आहे."

पिग्रेसनं आपली अर्धी दाढी फडक्याआड लपवली. त्याला कारण होतं. शरद आला की आमच्याकडे भाऊबंदांचा सण येतो. त्या दिवशी बाप वेदीपुढे उभा राहून पोराचं नाव लावतो. नाव लागलं नाही तर पोर गावात वाढतं, पण गावाचं होत नाही. ना देवाच्या पंगतीत पान, ना सभेत जागा. मेलित्ताच्या पोराचं नाव दोन सण अडलं होतं. पळालेल्या माणसाचं रक्त आहे, पुढच्या वेळी बघू, असं भाऊबंदांच्या बैठकीत म्हणणारा पिग्रेसच होता.

मेलित्तानं पाटी खाली ठेवली. "मान्द्रोनकाका, शोधाच तुम्ही. घड्यात काय होतं ते शोधा. घडा होता का ते शोधा. माझा बाप खरंच पळाला का तेही शोधा. फक्त जे सापडेल ते बाजारात सांगायचं. मोठ्यानं."

मान्द्रोननं मान खाजवली. "सापडलं तर सांगीन."

"आणि वाईट सापडलं तर?"

"तरी सांगीन, पोरी."

"चालेल," ती म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

सणाला बारा दिवस होते.

मोल्पसनं दुकानाला फळी लावली आणि मान्द्रोनच्या मागे निघाला. असली मजा रोज थोडीच मिळते! सुरुवात पिग्रेसपासून झाली.

"पाहिलंस की ऐकलंस?"

"अरे, मी तेव्हा सहा वर्षांचा होतो."

"म्हणजे ऐकलंस. कोणाकडून?"

"सगळ्यांना माहीत आहे ते!"

"हे सगळे राहतात कुठे?" मान्द्रोननं शांतपणे विचारलं. "जाऊन विचारतो."

मोल्पस हसून हसून वाकला. पिग्रेस चिडला, डोकं खाजवलं आणि शेवटी म्हणाला की काल्लोच्या गुत्त्यावर ऐकलं असेल. ओरखडा.

दोराचे वळ पडलेल्या हातांच्या खलाशांना विचारलं, ओरखडे. देवळातल्या झाडूवाल्याला विचारलं, ओरखडा. एक म्हातारी छातीवर हात ठेवून म्हणाली, मी या डोळ्यांनी पाहिलं. मान्द्रोननं विचारलं, "लढाई कुठे झाली, आजी?" म्हातारी म्हणाली, "मला काय ठाऊक, मी गाव सोडून कुठे गेले नाही." मान्द्रोननं तिला नमस्कार केला आणि ओरखडा काढला. तिसऱ्या दिवशी पट्टीवर चौतीस ओरखडे होते, भोक एकही नाही.

"बघ," मोल्पस म्हणाला, "चौतीस माणसं खोटं बोलतील का?"

"खोटं कोणीच बोललं नाही. एकानं चौतीसदा बोलावं तसं बोलले." मान्द्रोन पुढे चालू लागला. "गंमत बघितलीस? प्रत्येक जण घड्याचं सांगताना डोळा मारतो. डावा. तुझ्यासारखा."

मोल्पसनं डावा डोळा चोळला.

काल्लोच्या गुत्त्यात गोष्टीचा धागा लागला. काल्लो चौऱ्याहत्तर वर्षांची, आवाज अजून खणखणीत.

"आमच्या ह्यांनी सांगितलं मला. लढाईनंतरच्या हिवाळ्यात. केस कातरून आले आणि हसत होते. मी म्हटलं, घराघरात सुतक चालू आहे आणि तुम्हाला हसू कसलं येतंय? तर म्हणाले, अगं, न्हाव्याकडे एक गोष्ट ऐकली, आन्थेसच्या घड्याची. मग मलाही हसू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा." तिनं मोल्पसकडे पाहिलं. "तेव्हा तुझा बाप होता ना रे दुकानात?"

"होता," मोल्पस म्हणाला. "मी झाडू मारायचो."

पस्तिसावा ओरखडा. कोणी विचारायचं राहिलं नसावं म्हणून मान्द्रोननं वाटेत आणखी एका वल्हेकऱ्याच्या विधवेला विचारलं, छत्तिसावा झाला. मग घरी जाऊन त्यानं जवाची भाकरी, कांदे आणि ऑलिव्ह फडक्यात बांधले आणि पहाटे एकटाच निघाला. भूशिराच्या टोकाला, दोन दिवसांच्या वाटेवर सीमोस राहायचा. आन्थेसच्या गलबतावरून परतलेल्यांपैकी अजून जिवंत असलेला एकटाच. तीस वर्षांत त्याला कोणी काही विचारायला गेलं नव्हतं. कशाला जातील? गोष्ट तर सगळ्यांना माहीत होती.

मोल्पसनं दुकान उघडलं. गिऱ्हाइकं आली, म्हणाली, "काय मोल्पस, आरवायची सवय करतोस ना?" तोही हसला. पण त्याला काहीतरी बोचत होतं, कातरलेला केस मानेत अडकून राहावा तसं. काल्लोचं एक वाक्य डोक्यातून हलेना. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी फरशीवरचे केस झाडता झाडता त्याला ते आठवलं. एकदम सगळं नाही. आधी वास आठवला, ओल्या लोकरीचा. सीमोस याच बाकावर बसला होता, हातपाय खारानं फाटलेले. काहीतरी सांगत होता, आणि बाप कात्री खाली ठेवून रडत होता. दुकानातले सगळे रडत होते. वीस वर्षांचा मोल्पस कोपऱ्यात झाडू धरून उभा होता आणि त्याला त्या रडण्याचा कंटाळा आला होता. दोन महिने गावात दुसरं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाप सरपण आणायला गेला. दुकानात चार माणसं तोंडं पाडून बसलेली. मोल्पसनं कोपऱ्यातला पाण्याचा घडा उचलला, पोटाशी धरला, गाल फुगवले आणि दुकानभर पोहत फिरला. मी आन्थेस, माझे मासे भिजतील हो! डावा डोळा मारला.

चौघं हसले. हसता हसता एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "अजून एकदा कर."

मोल्पसनं अजून एकदा केलं. मग शंभरदा केलं असेल. मग लोक आपापसांत करायला लागले, आणि एके दिवशी कोणीतरी ती गोष्ट उलटी मोल्पसलाच ऐकवली. घड्यात म्हणे दारू होती. मोल्पस म्हणाला होता, छे, मासे. आणि सीमोस खरं काय म्हणाला होता, ते त्याच्या डोक्यातून केव्हाच निघून गेलं होतं.

सणाच्या दोन दिवस आधी मान्द्रोन परतला. पाय सुजलेले, स्वतःच्याच चपलेचा बंद तुटलेला. सरळ दुकानात आला आणि बाकावर बसला.

"दाढी कातर."

मोल्पसनं फडकं गुंडाळलं. पट्टी मान्द्रोनच्या मांडीवर होती. छत्तीस ओरखड्यांच्या शेवटी एक भोक होतं, गोल, स्वच्छ, पलीकडचा उजेड दिसेल असं.

"भेटला सीमोस?"

"भेटला. म्हणाला, परत आल्यावर सगळं याच दुकानात सांगितलं होतं. तुझा बाप होता, तूही होतास. बाप रडला हे त्याला आठवतं. तुझं काही आठवत नाही." मान्द्रोन थांबला. "तुला विचारायचं राहिलंच, मोल्पस. पाहिलंस की ऐकलंस?"

कात्री हवेत राहिली. बोलायला किती सोपं होतं! बाप मेला त्याला अठरा वर्षं झाली. बापानं सांगितलं म्हटलं तर कोण उठून नाही म्हणणार?

"ऐकलं," मोल्पस म्हणाला.

मान्द्रोननं आरी घेतली. सदतिसावा ओरखडा. "कोणाकडून?"

"उद्या बाजारात सांगतो."

"बरं," मान्द्रोन म्हणाला. "कानाजवळ जरा बेतानं."

दुसऱ्या दिवशी अख्खं बंदर मासळीच्या ओट्याभोवती गोळा झालं. पैजेचा निकाल ऐकायला लोक झाडांवर चढले होते. मेलित्ता पोराला कडेवर घेऊन पुढे उभी होती. मान्द्रोन ओट्यावर चढला आणि चपलेला टाके घालावेत तसा एकेक शब्द घालत बोलला.

"सदतीस जणांना विचारलं, त्यांनी ऐकलंय. एकाला विचारलं, त्यानं पाहिलंय. सीमोस. आन्थेसच्या शेजारचं वल्हं त्याचं होतं. तो म्हणाला, गलबताला टक्कर बसली, पाणी आत आलं. सीमोसला पोहता येत नव्हतं. आन्थेसनं पिण्याच्या पाण्याचा घडा रिकामा केला, तोंडाला चामडं आवळून बांधलं, घडा सीमोसच्या पोटाशी बांधला आणि त्याला ढकलून दिलं. म्हणजे घडा होता. दारू नव्हती, मासे नव्हते, रिकामा होता. आणि तो घेऊन तरंगला तो सीमोस. आन्थेस नाही."

"आणि आन्थेस?" कोणीतरी विचारलं.

"तो मागे वळला आणि खाली, वल्हेकऱ्यांच्या बाकांकडे उतरला. एवढं सीमोसनं पाहिलं."

"म्हणजे लढता लढता गेला!" एक खलाशी ओरडला. "दहा पर्शियन कापून गेला असेल!"

गर्दीतून आरोळ्या उठल्या. आन्थेस! आन्थेस! काल कुत्र्याला मारायची ती हाक आज छाती काढून मारत होते. मेलित्ताचा चेहरा उजळला.

मान्द्रोननं हात वर केला. "ते मी म्हणणार नाही. ते सीमोसनं पाहिलेलं नाही."

"काका," मेलित्ताचा आवाज चिरकला, "एवढं म्हटलं तर काय बिघडतं? तीस वर्षं वाईट म्हणत होतात ना सगळे?"

"उतरला म्हणता येतं, पोरी. कशाला उतरला ते म्हणता येत नाही." मान्द्रोननं पट्टी वर धरली. "भोक एक आहे. मी दुसरं पाडलं, तर उद्या कोणीतरी विचारेल, पाहिलं कोणी? मग तुझा बाप पुन्हा घड्यावर बसेल. आता आहे तेवढं टिकेल."

मेलित्तानं त्या भोकाकडे पाहिलं. मग पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "टक्कर बसल्यावर," तिनं हळूच विचारलं, "सीमोसला तो काही बोलला का?"

"बोलला. म्हणाला, पाय हलव, गाढवा."

मेलित्ता हसली. बापाचा पहिला शब्द तिला तिसाव्या वर्षी मिळाला होता.

"मग ही घड्याची गोष्ट काढली कोणी?" पिग्रेसनं विचारलं.

"न्हाव्याच्या दुकानातून निघाली," काल्लो म्हणाली. सगळ्या माना वळल्या. "तुझा बाप असला थापाड्या वाटला नव्हता रे, मोल्पस."

मोल्पसला बाप दिसला. कात्री खाली ठेवून, कोपरानं डोळे पुसणारा.

"पिग्रेस, टोपली आण," तो म्हणाला.

"सोड रे, दोघंही चुकलो. दारूही नाही, मासेही नाहीत. पैज मोडली."

"तू ऐकलेलं बोललास. टोपली आण."

पिग्रेसनं टोपली आणली. मोल्पस ओट्यावर चढला, टोपली डोक्यावर उपडी घातली. वामांचा बुळबुळीत चिकटा कानांवरून गळ्यात ओघळला. त्यानं छाती फुगवली, हात फडफडवले आणि आरवला. असा आरवला की जकातवाल्याचं गाढव बुजलं. बाजार पोट धरून हसला. मोल्पसला तो हशा नेहमीसारखाच गोड लागला, तेच वाईट.

हशा ओसरल्यावर तो म्हणाला, "बापानं नाही काढली. बाप रडला होता. सीमोसनं खरं सांगितलं ते मी या कानांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी घडा पोटाशी धरून सोंग केलं. माणूस बदलला, मासे घातले. तुम्ही हसलात म्हणून पुन्हा केलं. इतक्यांदा केलं की मलाच खरं वाटायला लागलं. आन्थेस पळाला नाही. त्याला मी पळवला, त्या दुकानात, पाण्याचा घडा हातात धरून."

आणि तो दुसऱ्यांदा आरवला. या वेळी मागची दोन-चार पोरं हसली आणि गप्प झाली.

"पुरे झालं, उतर," पिग्रेस म्हणाला. मग मेलित्ताकडे न बघता पुटपुटला, "उद्या पोराला आंघोळ घालून आण. लवकर ये. पहिलं नाव त्याचंच घेऊ."

"तीन ठरलेत," टोपलीतून आवाज आला.

मोल्पस तिसऱ्यांदा आरवला. ना हात फडफडवले, ना छाती फुगवली. कोणी हसलं नाही. दूर गोदामांच्या मागे एका खऱ्या कोंबड्यानं उत्तर दिलं, तरीही नाही.

मान्द्रोन ओट्याच्या कडेला बसला होता. त्यानं पट्टी गुडघ्यावर ताणून धरली, अंगठ्यानं चाचपत मोल्पसचा सदतिसावा ओरखडा शोधला, आणि त्याच्यावर आरी टेकवून नीट, सरळ भोक पाडलं.